एका पाठीवर तीन वाद्यं

मोटारसायकल गेली ती गेली, वर सितानच्या दुकानाच्या दारात टांगलेल्या चार पिशव्याही घेऊन गेली.

"चोर! चोर! अहो, धरा त्याला!" सितान हातातल्या सुई-दोऱ्यासकट धावत सुटली. बामाकोच्या बाजारात धरायला कोण येतंय? सगळे पोट धरून हसत होते. चोराला तर आपण चोरी केली याचा पत्ताच नव्हता! पाठीवर त्याने कोरा बांधला होता – भला थोरला अर्धा भोपळा, एकवीस तारा, आणि डोक्यापेक्षा हातभर उंच दांडा. त्या दांड्याला पिशव्या लोंबकळत होत्या. छातीशी न्गोनी हे छोटं तंतुवाद्य, आणि हँडलला तांदळाच्या पोत्यात घातलेली गिटार.

कोपऱ्यावर गाडी थांबली. तो उतरला, त्याने वर बघितलं, आणि कानाच्या पाळ्या धरल्या.

"माफ करा हं बाई. मला वाटलंच, गाडी आज जड का चालतेय..."

"जड नाही तर काय! गाढवावरसुद्धा कोणी इतकं लादत नाही."

"काय करणार? लग्नात तिन्ही वाजवावी लागतात. परवा खड्ड्यात आपटलो नि भोपळ्याला चीर गेली. तुम्ही शिवता का हो गवसण्या? तिन्ही एकीतच मावतील अशी?"

त्याचे डोळे हसरे होते. सितानने आपली नजर घाईघाईने सुईवर आणली. "नाव काय आपलं?"

"झुमाना जारा."

झालं! सितानचा आवाजच बदलला. सितानचं त्राओरे आणि त्याचं जारा, या दोन कुळांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. भेटले की एकमेकांना 'चवळीखाऊ' म्हणून टोमणा मारायचाच, आणि जो रुसेल तो नालायक. 'अहो-जाहो' तिथल्या तिथे गळून पडलं.

"जारा होय! मग चोर म्हटलं त्यात काय चुकलं? अरे चवळीखाऊ, मी सितान त्राओरे!"

झुमानाने कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! उगीच माफी मागितली. तुझे पणजोबा आमच्या घरी पाणी भरायचे!"

"आणि तुझे पणजोबा आमच्या हंडीतली चवळी पळवायचे! चल, माप दे."

आणि मग सुरू झाली गवसणीची भानगड.

पहिली गवसणी तिन्ही वाद्यांची एकच होती, भोपळ्याभोवती जाड फोम लावलेली. झुमानाने ती पाठीवर घेतली, एक पाऊल टाकलं आणि मागच्या मागे कोलमडला, तो थेट शेजारच्या कुयाते काकांच्या चहाच्या शेगडीशेजारी. काका म्हातारे गवई होते, लग्नाच्या मागण्या घरोघर पोचवणारे. त्यांनी किटली तेवढी वाचवली.

"एका पाठीवर तीन वाद्यं राहत नाहीत," सितान म्हणाली. "दोन गवसण्या घे."

"छे छे, एकच पाहिजे."

दुसरी चपटी शिवली, तर ती त्याच्या घराच्या दारातून आत जाईना. तिसरीला खालून लाकडी फळी लावली, तर दांडा मानेला टोचू लागला. चौथीची म्हणे चेन कुरकुरते! कधी पट्टा सैल, कधी खिसा उथळ. आठवड्यातून तीनदा झुमानाची स्वारी हजर.

"हा माणूस गवसणी करायला येतोय की नवरी पसंत करायला?" कुयाते काका चहा उंचावरून ओतत पुटपुटायचे.

आणि प्रत्येक वेळी झुमाना सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचा, "ए त्राओरे, लग्न कर माझ्याशी! शिलाई तरी वाचेल!"

"तुझ्याशी? जन्मभर चवळी शिजवू?"

बाजार हसायचा. सितानही हसायची... पण हल्ली हसून झालं की हातातला टाका चुकायचा. कारण जारा हे असं बोलणारच! ऐंशी वर्षांच्या त्राओरे म्हातारीलाही तो हेच विचारणार. थट्टेच्या नात्यातला शब्द खरा मानायचा तरी कसा? आणि हिला तर तो खरा असायला हवा होता. फार हवा होता.

बुधवारी दुपारी तो आला तो हळूच आला. शुक्रवारी त्याला दूरच्या काई शहरात जायचं होतं. तिकडच्या वाद्यवृंदात लग्नसराईभर काम मिळालं होतं.

"गवसणी उद्या लागेल," तो म्हणाला. मग तो उगीच भोपळ्यावरून बोट फिरवत राहिला. "सितान... करशील का लग्न माझ्याशी?"

तिच्या तोंडून सवयीने उत्तर गेलं. "हो तर! नदीत मासे संपून बैल पोहायला लागले की लगेच!"

बाजार हसला. झुमाना मात्र हसला नाही. मान हलवून, गाडी ढकलत ढकलत निघून गेला.

सितान शिवणयंत्रापाशी बसली. आज त्याने चवळीचं नाव काढलं नव्हतं. शिलाईचंही नाही. आवाजही बाजाराला नाही, फक्त तिलाच ऐकू येईल एवढा होता...

"अगं बाई! मी काय करून बसले!"

तिने मोठी गवसणी टराटरा उसवली, नव्याने कापायला घेतली. एक पट्टा झुमानाच्या मापाचा कापला. दुसऱ्यासाठी आरशासमोर उभी राहिली.

गुरुवारी सकाळी तिचे वडील दुकानात आले ते खदखदा हसत, तोंडात काहीतरी चघळत. मागे कुयाते काका, चेहरा अगदी गंभीर.

"ऐकलंस का पोरी? त्या जाराने काल सकाळीच काकांच्या हाती कोलाचे दहा कडू दाणे दिले होते! तुला मागणी! काय ही थट्टा, आं? मीही कमी नाही. फोडले आणि गल्लीभर वाटले! दोन मीच खाल्ले."

सितानने कात्री खाली ठेवली. "बाबा... खाल्ले?"

"थट्टेचे कोला खायचे नाहीत तर काय पुजायचे?"

कुयाते काकांनी घसा साफ केला. "त्राओरे, मी गवई आहे. मागणीचे कोला मी थट्टेत उचलत नसतो. बापाने फोडून वाटले म्हणजे बापाचा होकार. आता उरला फक्त मुलीचा शब्द."

वडिलांचं चघळणं थांबलं. "थुंकू का?"

"दोन गिळलेत ना? मग आता थुंकून काय उपयोग!"

तेवढ्यात झुमाना आला. कोणाकडे न बघता म्हणाला, "झाली असेल तर द्या. निघतो." द्या! निघतो! गळून पडलेलं 'अहो-जाहो' परत आलं होतं.

तिने दोन गवसण्या पुढे केल्या. एक कोराची. दुसरीत न्गोनी आणि गिटार शेजारी शेजारी, मध्ये मऊ गादी.

"एक सांगितली होती."

"आणि मी सहा आठवडे काय सांगतेय?"

कोराची त्याच्या पाठीवर अशी बसली की वाटावं जन्मापासून तिथेच आहे. दुसरी घालायला गेला, तर हात पट्ट्यातच अडकला. "तोकडा झालाय हा. माप चुकलं तुझं."

"माझं माप चुकत नाही." तिने गवसणी त्याच्या हातून काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली. तंतोतंत! "ही गाडीवर मागे बसणारीची आहे."

झुमानाने तिच्या खांद्यावरचा पट्टा चाचपला. "सितान... थट्टा करतेस?"

"काल तू केलीस का?"

"नाही."

"मग मीही नाही. मला तू हवास, चोरा. काईपर्यंत, आणि तिथून परत."

"अगं पण पोरी!" वडील कळवळले. "जाराचं घर! रोज उठून चवळी!"

सितान लाजली, पण अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, मला चवळी आवडते."

त्राओऱ्यांच्या सात पिढ्यांत असं कोणी कबूल केलं नव्हतं. कुयाते काकांची किटली शेवटी सांडलीच.