प्लायवरचा रस्ता

ही गोष्ट खरी आहे. रचायचीच असती तर मी स्वतःला इतकं वाईट दाखवलं नसतं.

मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. दादाला छोट्या रेल्वेचा नाद. घराच्या मागच्या खोलीत, दोन टेबलं जोडून, त्याने रूळ, स्टेशन, रंगवलेल्या भुशाचं गवत असं अख्खं गाव उभं केलं होतं. मागे भिंतीला प्लाय ठोकलेला. त्यावर डोंगर, आकाश रंगवायचं काम माझं.

टेबलावरचा मातीचा रस्ता जिथे संपायचा, तिथूनच चित्रातला रस्ता सुरू व्हायचा. तो सांधा लपवायला मी आठवडाभर डोकं फोडलं. शेवटी असा जमला की बोट फिरवल्याशिवाय कळेना.

दादाची मुलगी पिटू आदल्या वर्षी तापाने गेली. सात वर्षांची होती. तेव्हापासून वहिनी जेमतेम दोन घास खायची.

दादा म्हणाला, रस्त्यावर लांब कुठेतरी तिला काढ. मी एक लाल ठिपका दिला. लांबचं फिकट दिसतं, म्हणून त्यात पांढरा मिसळला.

मंगळवारी दुपारी तीन वाजता बघतो तर...

ठिपका गडद लाल. आणि डोंगराच्या बराच अलीकडे.

मला वाटलं दादाने लुडबुड केली. त्याला चांगलं झापलं. पण त्याने ब्रशला हातही लावला नव्हता.

बुधवारी ठिपक्याला हात फुटले.

गुरुवारी वेण्या.

वहिनी स्टूल घेऊन तिथेच बसायला लागली. पोटभर जेवायला लागली. एकदा चक्क हसली. दादाने मला बाजूला घेतलं.

"काय असेल ते असो. ही माणसात आली. तू आता त्याला हात लावू नकोस."

शनिवारी पिटू सांध्यापाशी उभी होती. बोटभर उंच.

चेहरा मात्र... नव्हता. नुसता कोरा.

माझी तंतरली. पिटूला मी स्वतः पोचवून आलो होतो. मग ही कोण? आणि उद्या टेबलावर उतरली तर?

घरात कुणी नव्हतं. मी हिरवा रंग कालवला आणि रस्त्यावर आडवी टेकडी काढायला घेतली.

पाय झाकले. फ्रॉक झाकला.

तेवढ्यात प्लायच्या मागून...

नखं घासल्याचा आवाज.

प्लाय आणि भिंतीमध्ये कागद जाईल एवढीही जागा नव्हती.

मग अगदी हळू...

"काकाऽऽ."

पिटूच होती ती. शेवटचा 'का' लांबवायची तिची सवय मला ठाऊक होती.

मी थांबलो नाही. घाईघाईने रंगाचा दुसरा हात मारला. आवाज बारीक होत गेला, मग बंद पडला.

वहिनीने आल्यावर टेकडी बघितली. प्लायला कान लावून उभी राहिली. तिचा गाल हिरवा झाला.

रात्री दादाने टेकडी हलक्या हाताने खरवडली. हिरव्याखाली थेट लाकूड लागलं. रस्ता नव्हताच.

वहिनीने परत जेवण सोडलं. दोन महिन्यांत अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेलो तेव्हा तिने एकच विचारलं.

"भावजी, तिने तुम्हाला हाक मारली होती का? मीच तिला सांगितलं होतं, रस्ता संपतो तिथे काका आहेत, ते हात देतील."

मी नाही म्हणालो.

वहिनीने भिंतीकडे कूस वळवली. चौथ्या दिवशी ती गेली.

दादा म्हणतो, तो प्लाय काढून ने. मी अजून त्या खोलीत गेलेलो नाही.