आत्याचं लसणीचं तेल

हे खरं आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं. कोणाला पटवत बसायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

गेल्या मार्चमधली शनिवारची दुपार. सिंगापूरच्या वुडलँड्समधला आमचा भाड्याचा फ्लॅट, अकरावा मजला.

माझा डावा कान लहानपणीच गेला. पुण्याला असताना कान दुखला की अरुणाआत्या त्यात लसूण घालून कडकडीत तापवलेलं तेल ओतायची. पडदा फाटला, पू वाहायला लागला, तरी तिचं आपलं तेच. सगळे तिलाच शहाणी म्हणायचे. मला आजही संताप येतो. लसणीच्या वासाने मळमळतं, म्हणून घरात लसूण आणतच नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. मी रडले नाही.

मार्चमध्ये इथे ऑपरेशन झालं. कानाला नवा पडदा, आत सडलेल्या हाडाच्या जागी टायटॅनियमचं इवलंसं हाड. डॉक्टरांनी बजावलं होतं, कानात थेंबभरही काही जाता कामा नये, नाहीतर सगळं फुकट. कान पॅकिंगने गच्च बंद. त्या बाजूने काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

त्या दुपारी मी पडले होते. माझा नवरा सारंग आमच्या मुलीला, ऋताला, घेऊन मॉलमध्ये गेला होता.

आणि त्याच बंद कानात...

लसूण ठेचल्याचा आवाज आला.

मग बांगड्या वाजल्या...

मग अगदी जवळून... "नीते, कूस बदल. उबेनं बरं वाटतं."

मी किंचाळत उठले.

घरात कोणी नव्हतं. गॅस बंद होता.

उशी तेलाने माखली होती.

सारंग भडकला. "घरगुती उपाय केलास ना? एवढं सांगूनसुद्धा?"

डॉक्टरांनी पॅकिंग काढलं, वास घेतला आणि कागदावर 'तेल' असं लिहिलं. पडदा धरलाच नव्हता.

मेल्यावरही त्या बाईने माझा कान सोडला नाही. आणि खोटारडी ठरले मी!

काल सकाळी ऋता डोळे चोळत आली. सहा वर्षांची आहे.

"ममा, लास्ट नाईट माय इअर पेन. नाऊ ओके ऑलरेडी, लाह."

"कशाने गं?"

"द आजी केम. विथ बँगल्स."

आत्याचा फोटोसुद्धा मी तिला कधी दाखवलेला नाही.

मी धावत जाऊन तिची उशी उचलली... तोच वास.

"माझा कान घेतलास तेवढा पुरे!" मी त्या रिकाम्या खोलीत ओरडले. "हिला हात लावलास तर बघ!"

ऋता दारात उभी होती. तिने मान वळवली आणि दुसरा कान माझ्याकडे केला.

"व्हॉट, ममा? से अगेन."