वरून लख्ख

ती खांबाच्या बुंध्याशी पालथी पडली होती. डोक्याची मागची बाजू पार फुटली होती. माळावरचे सगळे दिवे जळत होते, तरी पहाटे हवालदाराला बॅटरी मारूनच तिचा चेहरा बघावा लागला. शेजारी रक्ताने माखलेला लोखंडी पाना होता. तो कोणाचा, हे ओळखायला अक्कल लागत नव्हती, आणि हवालदाराकडे ती नव्हतीही. मुठीवर वायरमनने कोरलेली खूण होती. वायरमन म्हणजे मेलेलीचा सख्खा धाकटा भाऊ.

दुपारपर्यंत हवालदाराने त्याला इतकं बदडलं, की अंगावरची कुठली जखम कशाची, हे सांगायला डॉक्टरही धजेना. तपास करणाऱ्या बाईंना खात्यात सगळे चिमटाबाई म्हणत, कारण रुतलेलं उपसून काढल्याशिवाय त्या सोडत नसत. त्यांनी आल्या आल्या हवालदाराला फैलावर घेतलं.

"पोरीच्या दातांत कातडी सापडलीय. मारणाऱ्याला ती कडकडून चावली होती. आता या मांसाच्या गोळ्यावर तो चावा कुठे शोधू मी?"

दाराशी म्हातारा बाप उभा होता. "मॅडम, लेक गेली माझी. आता पोरगाही फासावर जाणार का हो?"

 चिमटाबाई कोठडीत गेल्या आणि वायरमनसमोर जमिनीवरच बसल्या.

"ताईशी भांडलास?"

"भांडलो." ओठ सुजल्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"कशावरून?"

"या दिव्यांवरून. ती म्हणाली, माळावर चिटपाखरू नाही, मग एवढे दिवे कोणासाठी? आणि सगळ्यांची तोंडं आभाळाकडे का? म्हटलं, कंत्राटदाराने सांगितलं तसे लावले. मला काय करायचंय? मग शब्दाला शब्द वाढला. मी अवजारं तिथेच टाकून घरी आलो."

"ती इथवर आलीच कशी?"

"उपग्रहाचे फोटो बघून. तेच तिचं काम होतं. रात्री कुठे किती उजेड दिसतो, त्यावरून कोणता भाग पुढे गेला ते ठरवायचं."

मेलेल्या पोरीच्या कार्यालयात तिच्या साहेबांची खोली भट्टीसारखी तापली होती. साहेब घामाने निथळत होते, पण बाह्यांची बटणं मनगटापर्यंत घट्ट लावलेली. मागच्या भिंतीवर रात्रीचा भलामोठा फोटो होता. काळ्या पसाऱ्यात एक ठिपका डोळ्यांत भरत होता.

"हाच तो माळ," साहेब म्हणाले. "बघा, कसा लख्ख झालाय! जिथे उजेड, तिथे कारखाने, दुकानं, शाळा. हे माप मी बसवलं. आता सगळा देश त्यानेच मोजणार आहे."

"तिथे कधी गेला होतात?"

"छे. इथे बसून सगळं दिसतं."

"तिचं कोणाशी वैर?"

"भाऊ तापट आहे म्हणे. बिचारी! त्या काळोखात कोण मारतंय, हेही तिला दिसलं नसेल."

चिमटाबाई उठल्या. "साहेब, बाह्या वर करा."

"कशाला?"

"काळोख होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रात्री काळोखच असतो."

"या भिंतीवर नाहीये. तुम्हीच आत्ता दाखवलात. नुसता फोटो बघणाऱ्याला तिथे लख्ख उजेडच दिसणार. ते दिवे वर बघतात, त्यामुळे खाली हाताला हात दिसत नाही. पण हे रात्री तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माप खरं ठरावं म्हणून दिवे तुम्हीच लावून घेतलेत. पोरीने ते पकडलं. तुम्ही मागून तोंड दाबलंत, ती चावली, मग भावाचा पडलेला पाना—"

टेबलावरचा काचेचा पेपरवेट खाडकन चिमटाबाईंच्या कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं. आंधळ्यासारखं चाचपत त्यांनी साहेबाचं मनगट पकडलं, पिरगाळलं, आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. दोन दात खाली पडले. बाही टरकन फाटली. आत दातांच्या दोन कमानी लालभडक सुजल्या होत्या.

"तिला माझा संशय नव्हता," रक्त थुंकत साहेब म्हणाले. "सर, तुम्हाला कोणीतरी फसवतंय, म्हणाली. मला दाखवायला म्हणून तिनेच बोलावलं होतं."

हे ऐकून चिमटाबाईंना त्याला आणखी एकदा आपटावंसं वाटलं. कसाबसा त्यांनी हात आवरला.

संध्याकाळी वायरमनला सोडलं. खरा प्रकार चिमटाबाईंनी बापलेकांना समोर बसवून सांगितला, एक शब्दही न गाळता. वायरमन बापाकडे वळला.

"बाबा, ते दिवे मी लावले."

बापाने हात उगारला आणि त्याच्या कानाखाली सणसणीत लगावली. हवालदार धावला. चिमटाबाईंनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"ती विचारत होती तेव्हा ऐकायला काय झालं होतं रे तुला?" म्हातारा ओरडला. मग पोराचा तो सुजलेला गाल त्याने दोन्ही हातांत धरला, आणि ओक्साबोक्शी रडू लागला.