धापेचा गुरुवार

"गुरुवारी पट्टी घरी ठेवून यायची," तिनं पट्टी आणली त्या पहिल्याच दिवशी नायकवडी मॅडमनी बजावलं होतं. "बाकीचे दिवस ती उसंत लावून पोहा, माझं काही म्हणणं नाही. गुरुवारी मात्र धाप लागली पाहिजे. चांगली, कुत्र्यासारखी."

शलाका मगदूमनं मान डोलावली आणि ते वाक्य तिथंच काठावर सोडून दिलं. मॅडम पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या. त्यांना नव्या वस्तूत खोट दिसायचीच.

जयसिंगपूरच्या त्या तलावावर सकाळी सात ते आठ मोठ्यांची बॅच असायची. गुडघे दुखणारे, वजन वाढलेले, डॉक्टरांनी पिटाळलेले असे बाराजण. त्यात एकतीस वर्षांची शलाका सगळ्यांत लहान. तिचं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी शिरोळला माहेरी असताना पूर आला, आणि तान्ह्या मनवाला पोटाशी धरून ती बोटीत बसली. बोट एकदाच हलली. तेवढ्यात तिला कळून चुकलं, की ही उलटली तर आपण लेकीला धरून फक्त बुडू शकतो.

म्हणून पोहणं. पण पोहणं येईना.

"डोकं वर आलं की पाय खाली जाणार," मॅडम काठावरून ओरडायच्या. "समोरची भिंत बघू नका, तळ बघा! तोंड पाण्यात असेल तेव्हा हवा सोडत राहा. श्वास घ्यायला मान उचलायची नाही, अख्खं अंग कुशीवर वळवायचं. एक डोळा पाण्यातच राहू दे."

"मॅडम, मान वर काढली की माझं मागचं टायर पंक्चर," शेजारच्या लेनमधून चौगुले काका म्हणायचे. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला हा माणूस. बायको गेलेली, मुलगा बंगळुरूला. बॅचमध्ये शलाकाची जोडी त्यांच्याशीच जमली. दोघं एकाच वेगानं बुडायचे.

काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं. पण तिसऱ्या हाताला मेंदू किंचाळायचा, श्वास घे! आणि मान आपोआप वर जायची. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूच्या देठाशी एक घंटा वाजते. ऑक्सिजन संपत आल्याची नव्हे, हा वायू साठल्याची. मोठेपणी पाण्यात उतरणाऱ्याची ही घंटा फार लवकर वाजते, आणि फार मोठ्यानं.

उसंत त्यावर उपाय म्हणूनच बाजारात आली होती. नखाएवढी, कातडीच्या रंगाची पट्टी. कानामागे चिकटवायची, वरून टोपी चढवायची. ती तिथल्या मज्जातंतूला इतके बारीक झटके देई, की अंगाला मुंगीसुद्धा चालल्यागत वाटत नसे. घंटा बंद होत नसे, फक्त तिचा आवाज खाली येई. शलाकानं पट्टी लावून पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि तिला तळाच्या निळ्या फरशा दिसल्या. दोन महिने ती त्यांच्यावरून जात होती, पण त्या तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या.

मग सगळं जमत गेलं. कोपर उंच ठेवून हात पाण्यात शिरू लागला, पाय कमरेपासून हलू लागले. दर तीन हातांनी एकदा डाव्या, एकदा उजव्या कुशीवर श्वास. चार महिन्यांत ती न थांबता चारशे मीटर जाऊ लागली. काकाही, त्यांनीही पट्टी घेतली होती.

फक्त गुरुवारी पुन्हा तेच. पट्टी नाही, म्हणजे ती धडपड, तो घशाशी आलेला जीव. तिसऱ्याच गुरुवारी तिनं पट्टी टोपीखाली लपवून आणली. मॅडमना कळलं नाही. कपडे बदलण्याच्या खोल्यांबाहेर चौगुले काकांनी मात्र ओळखलं.

"काय गं पोरी, आज धापबिप काय न्हाई तुला?"

"काका, टोपी जरा खाली ओढायची कानावर. झालं."

"आणि मॅडम?"

"मॅडम जुन्या वळणाच्या आहेत हो. काही होत नाही."

"मग आजपासनं आपली पण नॉनस्टॉप," काका हसले, आणि त्यांनी टोपी भुवयांपर्यंत खाली ओढून दाखवली.

काही महिन्यांनी एका मंगळवारी मनवाचं पाळणाघर बंद होतं. लेकीला घेऊन शलाका काठावरच्या बाकावर बसली होती. काका चार दिवसांनी आले होते. "सर्दी झालती जराशी," म्हणाले. "पट्टी पण घरात ठेवलीया शुक्रवारपासनं. आज बघ तिच्याबिगर कसं जातोय." आणि ते पाण्यात शिरले.

ते खरंच सुंदर जात होते. पाणी उडत नव्हतं. मनवानं टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चौगुल्यांनी गियर बदलला की!"

शलाकाला मोजायची सवय होती. रात्री उठून ती मनवाचे श्वास मोजायची, त्यावरून नवरा तिला हसायचा. आताही ती नकळत मोजत होती. तीन हात, श्वास. तीन हात, श्वास. मग पाच. मग सात. परतीच्या फेरीत नऊ.

नऊ हात कुणी जात नाही. पट्टी लावूनसुद्धा नाही.

तिनं मनवाला शेजारच्या बाईंकडे दिलं आणि ती काकांच्या लेनच्या टोकाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. काकांचा हात भिंतीला लागताच तिनं मनगट पकडलं.

"काय गं, सिग्नल नसताना गाडी अडवतीस?"

आवाज नेहमीचा, चेष्टाही नेहमीची. पण बोटांची नखं जांभळट होती. ओठ तसेच. आणि शंभर मीटर पोहून आलेला हा सहासष्ट वर्षांचा माणूस धापत नव्हता. छाती संथ हलत होती, झोपल्यासारखी.

"काका, दम लागलाय?"

"अजिबात न्हाई. आता कधी न्हवं एवढं हलकं वाटतंय."

तिनं हाक मारली तशा मॅडम प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आल्या. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा काकांच्या बोटाला लावला. आकडा आला एक्क्याऐंशी. शलाकानं चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. पुन्हा काकांना लावला. ऐंशी.

"नापास काय?" काका म्हणाले. दोघींनी हात देऊन त्यांना बाहेर काढलं, तर बाकाऐवजी ते ओल्या फरशीवरच बसले, आणि आपण कुठं बसलो हे त्यांना समजलं नाही.

दवाखान्यात दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया निघाला. "चार दिवसांपूर्वीच धाप लागून हे इथं यायला हवे होते," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुप्फुसं इतकी भरल्यावर माणूस खिडकी उघडा म्हणून ओरडतो. हे मला गाडीचं मायलेज सांगत होते."

बाहेरच्या बाकड्यावर शलाकानं मॅडमना सगळं सांगितलं. टोपी, गुरुवार, 'काही होत नाही'. सांगताना ती मॅडमच्या चपलांकडे बघत होती.

मॅडम म्हणाल्या, "मलाही खात्री नव्हती गं. कुठल्या पुस्तकात नव्हतं ते. मला वाटायचं, जी घंटा कधी वाजतच नाही ती गंजणार. म्हणून आठवड्यातून एकदा वाजवायची. एवढंच."

"पण काकांनी पट्टी काढून चार दिवस झाले होते."

"तेच तर. पट्टी निघाली, गंज नाही निघाला."

त्या संध्याकाळी लिफ्ट चालू असताना शलाका मनवाला कडेवर घेऊन जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेली. भराभर. दाराशी पोचून ती थांबली आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. घसा मोकळा, छाती शांत. वर्षभरापूर्वी हे झालं असतं तर तिनं आनंदानं नवऱ्याला हाक मारली असती. आता तिनं गुपचूप किल्ली फिरवली. उद्या हिला घेऊन खरंच पाण्यात पडले, तर थांब, वर ये, हे मला कोण सांगणार?

पुढच्या गुरुवारी ती उघड्या कानांनी पाण्यात उतरली. मॅडम काठाकाठानं तिच्याबरोबर चालत होत्या आणि दर तिसऱ्या हाताला फळीनं पाण्यावर थाप मारत होत्या. थाप ऐकू आली की शलाका कुशीवर वळायची. हुकमावर श्वास. आपलंच अंग तिला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. तो गुरुवार गेला, पुढचाही गेला. पाचव्या गुरुवारी, सहाव्या फेरीत, छातीत काहीतरी घट्ट आवळलं. मान झटक्यानं वर गेली, पाय बुडाले, नाकात पाणी गेलं, आणि ती काठाला लोंबकळून खोकत, धापा टाकत राहिली.

"लागली?" मॅडमनी विचारलं.

तिला बोलता येईना. तिनं नुसती मान हलवली. मॅडमनी पाठ फिरवून डोळे पुसले आणि लगेच त्या ओरडल्या, "पण मान कुणी उचलायला सांगितली होती?"

काका घरी आले. न्यूमोनिया बरा झाला, धाप मात्र अजून आलेली नाही. ते दिवसातून चार वेळा बोटाला चिमटा लावतात आणि आकडा शलाकाला कळवतात. परवा तिनं फोनवर विचारलं, तर म्हणाले, "गाडी लेट हाय. पण स्टँड सोडून मी कुठं जातोय?"

तिच्या तक्रारीवर उसंत बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं आहे, की वापराच्या सूचना पट्टीसोबत दिलेल्या असतात. ते खरं आहे. गुरुवारची सूचना शलाकालाही दिलेली होती.

म्हणून तिनं एक कागद लिहून तलावाच्या दारावर लावला, आणि जिथं जिथं मोठी माणसं पोहायला शिकतात तिथं तिथं पाठवला. तो असा:

'तुमच्या ओळखीत कुणी उसंत लावून पोहायला शिकलं असेल, आणि ते एकटे राहत असतील, तर आज त्यांच्या घरी जा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे बरेच असतात. त्यांची नखं उजेडात बघा. त्यांना जिना चढायला लावा आणि शेजारून चढा. तुम्हाला दम लागला आणि त्यांना लागला नाही, तर कौतुक करू नका. तिथंच खाली बसवा, पाणी द्या, आणि विचारा: तुम्हाला शेवटची धाप कधी लागली होती?'