चोरलेलं चायोटे

“इथे भिंतीवर एक चायोटे ठेवलं होतं, आमच्या वेलीचं हिरवं फळ… पाहिलंत का?”

शेजारचा घड्याळजी मधल्या भिंतीपलीकडून विचारत होता. टेलरबाई इथे राहायला आल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदाच! तिच्या हातातली कात्री हातातच राहिली.

“पाहिलं की! माझ्यासाठीच ठेवलंत ना? छान झाली हो भाजी.”

“भाजी?” त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “कोंब फुटायला ठेवलं होतं ते. आईच्या हातची वेल… पाइप टाकायला खणलं, त्यात मुळासकट गेली. तेवढंच एक फळ उरलं होतं.”

“बी असेल ना कचऱ्यात! शोधते—”

“नुसतं बी नाही चालत. अख्खं फळच लावावं लागतं. असू दे.”

तो वळला. आता गेला, तर पुन्हा काही भिंतीपाशी यायचा नाही. उपाय होता तिच्याकडे, पण त्यासाठी स्वतःची अब्रू वेशीवर टांगावी लागणार होती.

“थांबा!”

ती धावत आत गेली आणि चिंध्यांची टोपली घेऊन आली. चिंध्यांखाली एक चायोटे होतं – सुरकुतलेलं, पण टोकाला चांगला वीतभर कोंब आलेला.

“हे कुठून आलं?”

“चोरलं.” तिनं डोळे मिटून सांगून टाकलं. “दोन महिन्यांपूर्वी. वेल माझ्या बाजूला लोंबत होती. म्हटलं, एक तोडावं, मग परत द्यायला जावं… तेवढंच बोलणं होईल. रोज तुमच्या दारापर्यंत यायचे आणि मागे फिरायचे.”

“दोन महिने?”

“तुम्ही कधी मान वर करून बघाल तर ना! सदा डोळ्याला ते भिंग!”

“बघत होतो की…” तो कानापर्यंत लाल झाला. “फळ ठेवायला घरात खिडकी होती माझ्या. भिंतीवर ठेवलं ते… तुम्ही विचाराल म्हणून, हे काय आहे.”

“आणि मी खाऊन मोकळी झाले!”

दोघंही पोट धरून हसले.

कोंब वर ठेवून त्यांनी ते फळ भिंतीच्या बुडाशी लावलं. मांडव दोन्ही अंगणांवर घातला. बांधायला सुतळी त्याची, गाठी तिच्या. वेल चढत गेली, तसे त्याच्या दुकानातले चहाचे कप तिच्या शिवणयंत्रावर दिसू लागले.

पाच महिन्यांनी पहिलं फळ धरलं, नेमकं तिच्याच बाजूला. तिनं कात्री उचलली आणि मिश्किलपणे त्याच्याकडे पाहिलं.

“चोरू?”

“आता कसली चोरी?” तो म्हणाला. जरा अडखळला, मग तिच्या नजरेला नजर देऊन म्हणाला, “घरचंच आहे… तू हो म्हणालीस तर.”

तिनं फळ तोडलं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं.

“हो. पण याची भाजी तू करायची!”