उजवीकडची फळी

नंदाखाल गावातल्या अरुंद गल्लीत उन्नतीची सायकल अडली ती एका फळीमुळे. पुढच्या सायकलवाल्यानं भली लांब फळी कॅरिअरवर चक्क आडवी बांधली होती!

"ओ मिस्टर! रस्ता विकत घेतलास का?"

तो वळला. दहावी 'ब'मधला लेस्ली! केसांत लाकडाचा भुसा, गालावर ती खळी... अगं बाई, उन्नतीचं पुढचं भांडण घशातच राहिलं.

"फळी धर ना मागून. मग रस्ता तुझा," तो हसला.

धरली तिनं. आणि मग रोज क्लास सुटला, की बोळिंजला घरी जायच्या आधी तिची सायकल लेस्लीच्या अंगणात वळू लागली.

तिथे त्याची कायाक होती — निमुळती, हडकुळी होडी. लेस्लीला तिच्यावर शीड लावायचं होतं. शिडात वारा भरला की एवढीशी होडी कलंडणार; म्हणून दोन्ही बाजूंना, पाण्यावर बाहेर आलेल्या बैठका. साध्याच — आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकांवर एकेक फळी.

दोन बैठका! डावी त्याची, उजवी आपली — उन्नतीनं मनात ठरवूनसुद्धा टाकलं. विचारायचं कशाला? असं कुणी विचारतं का?

उजव्या फळीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. पॉलिश पेपरनं घासून घासून बोटं सोलून घेतली.

"एवढी गुळगुळीत कशाला? घसरून पडेन मी," लेस्ली म्हणाला.

"पडलास तर हात देईन."

"पोहता येतं तुला?"

"शिकव की!"

तो कानापर्यंत लाल झाला... निदान तिला तरी तसं वाटलं. ओट्यावरून त्याची आई, मटिल्डा आंटी, ओरडली, "काय गं पोरी, सुताराकडे नोकरीला लागलीस का?"

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर राजोडीच्या किनाऱ्यावर होडी उतरली. उन्नती नवी कुर्ती घालून आलेली. गुडघाभर पाण्यात शिरून तिनं उजव्या फळीवर हात ठेवला.

"आधी मी बसू की तू?"

"तू?" लेस्ली गोंधळला. "अगं, ह्यात एकच जण बसतो. वारा उजवीकडून आला की उजवीवर, फिरला की सरकून डावीवर. दोन्ही माझ्याच..."

लाट मागे गेली आणि तिच्या पायाखालची वाळू खरोखरच सरकली.

"मला वाटलं... म्हणजे — मला तू आवडतोस, लेस्ली." बोलून टाकलं तिनं एकदाचं!

तो शिडाची दोरी चाचपत राहिला. "सॉरी गं. मला वाटलं, तुला सुतारकाम आवडतं."

उन्नतीनं खारं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं. आता कुठलं पाणी कुठलं, कुणाला कळणार!

"बघत काय राहिलायस? जा ना!" आणि तिनंच होडीला धक्का दिला.

शीड फुगलं. लेस्ली ऐटीत उजव्या फळीवर बसला, होडी जराही कलंडली नाही. थोडं आत गेल्यावर वारा फिरला. तो सरकून डावीवर गेला, आणि उजवी फळी, रिकामी, पाण्याला टेकत टेकत लांब जात राहिली.

लांबून त्यानं हात हलवला.

तिनं नाही हलवला.