वाळवलेल्या बियांचा ओक

मजीद नावाच्या माणसाला गिऱ्हाइकाशी बोलायची रीत नाही. आलेल्या बाईला बस म्हणावं, पाणी विचारावं, ते राहिलं बाजूला. पिशवीत हात घातला आणि माझ्या तोंडावर म्हणाला, "या सगळ्या मेल्या." एकसष्ट वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. इथे मस्कतला आमच्या अल हैल भागातला मासेवालासुद्धा मला बघून आधी नासके मासे मागे सारतो!

ऐका पोरींनो, गोष्ट ऑक्टोबरची. माझी मुलगी अफशा इंग्लंडात राहते. तिच्या दारात ओकचं मोठं झाड आहे. तिच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा रोज दुपारी नातवाला मांडीवर घेऊन मी त्या झाडाखाली बसायची. परत आले, पण जीव तिथेच राहिला. म्हणून तिने कुणाबरोबर तरी त्याच झाडाच्या पिशवीभर बिया पाठवल्या. सुपारीएवढ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपी. मी काय केलं? आमच्या दाभोळला काजूच्या बियांचं करतात तेच. गच्चीवर चादर पसरली आणि आठ दिवस कडकडीत उन्हात वाळवल्या. मग सुनेला, समरीनला गाडी काढायला लावली आणि अझैबा भागातली रोपांची नर्सरी गाठली.

तिथे हा उभा. खांद्यावर पाण्याचा पाइप, दाढी अर्धी पांढरी, गाव श्रीवर्धन.

"वाळवल्या?" त्याने विचारलं.

"मग काय ओल्या ठेवून कुजवायच्या?"

"काजू नव्हे हा, बाई. ओकची बी झाडावरून पडली की ओलसर ठेवायची आणि लगेच लावायची. वाळली की संपली." त्याने बालदीत पाणी घेतलं आणि मूठभर बिया टाकल्या. सगळ्या वर तरंगल्या. "जिवंत असती तर बुडाली असती."

"हलकी आहे, तरंगली. त्यात तिचा गुन्हा काय?"

तो हसला नाही, पण मिशी हलली. "आणि रुजली असती तरी हा थंड मुलखातला ओक. मस्कतचा जून त्याला झेपणार नाही. ओकच्या जाती पुष्कळ आहेत. माझ्याकडे ऊन सोसणारा आहे, बारा महिने हिरवा. तो न्या."

"मला माझ्या अफशाच्या दारातलाच हवा. दुसरा कुठला..."

पुढचं वाक्य आलंच नाही. उन्हाने घसा सुकला असेल.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बालदीतली एकेक बी उचलून रुमालात ठेवली. "ठेवून जा, जमिलाबी," तो हळू बोलला. "इन्शाल्ला... बघतो."

माझं नाव त्याने समरीनला कधी विचारून घेतलं, कोण जाणे.

जानेवारीत तो स्वतः पिकअप घेऊन दारात आला. मागे एक उंच, अरुंद कुंडी. तिच्यात वीतभर रोप.

"तुमच्या बियांतली एक रुजली."

"बघ!" मी समरीनला म्हटलं. "म्हणे मेल्या!" तो मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं शरमला असेल. शरमू दे.

मला झाड खिडकीला लागून हवं होतं. घरमालक ओमानी, भला माणूस, कुठेही लावा म्हणाला होता. पण मजीद ऐकेना. "याचं खोड एक दिवस तुमच्या मिठीत मावणार नाही. भिंतीपासून पंधरा पावलं तरी लांब हवं."

"कुणाची पावलं? तुमची की माझी?"

त्याने माझ्या चपलांकडे बघितलं. "तुमची. चाला."

मी चालले. तो शेजारून मोजत आला. एक... दोन... तीन... पंधरा आकडे मोजायला माणसाला एवढा वेळ लागतो?

मग दर शुक्रवारी असरच्या नमाजानंतर तो यायचा. पाणी खोडाशी ओतायचं नाही, हातभर लांब गोल आळं करून द्यायचं. वर पाचोळा पसरायचा, पण खोडाला चिकटवायचा नाही. असं सगळं मला शिकवायचा आणि नळाच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचा. वाऱ्याला तेव्हा समुद्राचा गारवा असतो. पाच वाजताचं ऊन रोपाच्या दहा-बारा पानांवर यायचं... आणि त्याच्या दाढीवरही यायचं. मी बघत नव्हते, दिसायचं.

"अम्मी, शुक्रवारच्या चहात वेलची जास्त पडते," समरीन म्हणाली.

"डबा संपवायचाय. तुला काय करायचंय?"

एकदा मी त्याला विचारलं, "मजीदभाई, आठवड्यात हे बोटभरही वाढत नाही. दर जुम्याला काय बघायला येता?"

"ओक आधी खाली वाढतो. वर काही दिसत नाही, तेव्हा तो मुळं धरत असतो." मी चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळली. त्यानंतर त्याच्या नावापुढचं 'भाई' माझ्या तोंडून कधी निघालं नाही. त्यानेही त्याची चौकशी केली नाही.

मार्च संपत आला. अफशाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी मोबाइल रोपाजवळ धरला. ती जवळून बघत राहिली. "अम्मी, हा आमच्याकडचा ओक नाही गं. आमच्या पानाच्या कडा झालरीसारख्या. हे पान तर सरळ आहे, जाड."

त्याच दुपारी माझा मुलगा हारून जेवताना म्हणाला, "मजीदचाचांची नर्सरी खलास. अर्बाबने, त्यांच्या मालकाने, जागा विकली. दहा तारखेला ते कायमचे गावी चाललेत."

मी उठून कणीक मळली. मळून झालेली होती, तरी पुन्हा मळली. पोरींनो, खरं सांगते, राग खोट्याचा होताच. पण नुसत्या खोट्याने माणसाच्या घशात घास अडत नाही.

शुक्रवारी तो आला. हिरवी जाळी आणि चार बांबू घेऊन. "उन्हाळ्याची सोय करून ठेवतो. पुढे हारून बघेल..."

"हे पान कुणाच्या झाडाचं?"

त्याचे हात थांबले. जाळीची गाठ अर्धीच राहिली.

"माझ्या नर्सरीतलं. तुमच्या बिया सगळ्या लावल्या होत्या, जमिलाबी. महिनाभर रोज सकाळी माती उकरून बघायचो. एकही नाही आली."

"मग सरळ सांगायला काय झालं होतं?"

"त्या दिवशी भांडता भांडता तुमचा आवाज... मध्येच बसला. तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता."

हारूनचे अब्बा जाऊन नऊ वर्षं झाली. हे घर माझ्या आवाजावर चालतं. पण तो कुठे बसतो, हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि गावी चाललात, ते मला हारूनकडून कळायचं?"

"दर शुक्रवारी सांगायलाच येत होतो..." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "इथून जवळच, बरका गावातला एक नर्सरीवाला थांब म्हणतोय. काम आहे. पण चौसष्टाव्या वर्षी एकट्या माणसाने थांबायचं ते कुणासाठी?"

वाऱ्याने जाळी फडफडली. तो पुढे काही बोलेल म्हणून मी थांबले. तो नुसता बघत राहिला—माझ्या तोंडातून काय येतं ते ऐकायला जन्मभर थांबला असता, असा. आता मी काय विनवण्या करणार होते? विनवणं मला येत नाही. मला सांगता येतं.

मी कप कट्ट्यावर ठेवला.

"मजीद, तुम्ही पक्के खोटारडे आहात. तुम्हाला एकटं गावी पाठवलं तर तिथे आणखी एखादीला फसवाल, ते मला चालायचं नाही. बरक्याच्या माणसाला आजच हो म्हणून कळवा. उद्या मगरिबच्या नमाजानंतर हारूनकडे या आणि रीतसर मागणी घाला. तो मला विचारेल. मी हो म्हणणार आहे. आता असे बघत काय बसलात? जाळी बांधा!"